चष्मा नाकावर, पाय मैदानावर!

मुलांनो, दरवर्षी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली की पुढच्या चार-आठ दिवसांत मधल्या सुट्टीत कुणीतरी माझ्या टेबलापाशी येऊन उभं राहतं. कधी मुलगा, कधी मुलगी. तक्रार मात्र एकच. "बाई, मला चष्मा लागला. आई म्हणते, आता खेळ बंद!" कुणाचं क्रिकेट बंद होतं, कुणाची खो-खोची प्रॅक्टिस, कुणाचं बॅडमिंटन. घरच्यांची कारणंही ठरलेली. चष्मा फुटेल, तुकडा डोळ्यात जाईल, आणि पुन्हा नवा करायला पैसे कुठून आणायचे?

ही काळजी खोटी नाही हं. पण त्यावरचा उपाय खेळ बंद करणं हा नाही. म्हणून आजचा आपला तास चष्म्याचा. तुम्ही वाचा, आणि वाचून झालं की हे पान आई-बाबांच्या हातात द्या. त्यांच्यासाठीही यात बरंच काही आहे.

चेंडू कुठे हरवतो?

आपला डोळा कॅमेऱ्यासारखा असतो हे तुम्ही विज्ञानात शिकलात. बाहेरून आलेला प्रकाश डोळ्यातल्या भिंगातून जातो आणि मागच्या दृष्टिपटलावर चित्र उमटतं. मोठ्या माणसाचा डोळा समोरून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो जर थोडासा जास्त लांब वाढला, तर लांबच्या वस्तूचं चित्र दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होतं. मग लांबचं धूसर दिसतं आणि जवळचं छान दिसतं. यालाच निकटदृष्टिता म्हणतात. शाळेतल्या मुलांना बहुतेक वेळा हाच 'वजा' नंबर असतो. त्यावर उपाय म्हणजे अंतर्गोल भिंगाचा चष्मा. तो चित्र मागे ढकलून बरोबर जागेवर आणतो.

आता गंमत बघा. नंबर वजा १ असेल तर चष्म्याशिवाय साधारण १ मीटरपर्यंतच अगदी स्पष्ट दिसतं. वजा २ असेल तर फक्त अर्ध्या मीटरपर्यंत! त्यापुढे जसजसं अंतर वाढेल तसतशी कडा पुसट होत जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू २२ यार्डांची खेळपट्टी साधारण सव्वा सेकंदात पार करतो. आता त्या सव्वा सेकंदातला बहुतेक वेळ चेंडू पुसटच दिसत असेल, तर बॅट कुठे लावणार?

म्हणजे जो मुलगा सारखे झेल सोडतो त्याचे हात ढिले असतातच असं नाही. कदाचित चेंडू त्याला शेवटच्या क्षणी दिसत असेल. आणि त्याला स्वतःला हे कळत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. तेव्हा "आंधळा आहेस का रे?" असं मित्राला ओरडण्याआधी जरा थांबा. त्याला खरंच नीट दिसत नसेल, आणि ते ओळखणारे पहिले तुम्हीच असाल.

वर्गातल्या खुणाही सांगून ठेवते. फळ्याकडे बघताना डोळे बारीक करणं, मान तिरकी करणं, फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवून घेणं, पुस्तक नाकाला लावून वाचणं, सारखे डोळे चोळणं. यातलं काही दिसलं की डोळे तपासून घ्यायचे.

करून बघा

जुन्या पोस्टकार्डाला किंवा जाड पुठ्ठ्याला मध्यभागी टाचणीने एक बारीक भोक पाडा. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून इतके लांब उभे राहा की तारखा पुसट दिसतील. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. दुसऱ्या डोळ्यापुढे ते भोक धरा आणि तारखा बघा. आता जास्त स्पष्ट दिसू लागल्या? मग नंबर असण्याची शक्यता आहे. बारीक भोकातून प्रकाशाचे मोजकेच किरण आत जातात, ते फार पसरत नाहीत, म्हणून चित्र रेखीव दिसतं. मग दुसरा डोळा तपासा. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासणं महत्त्वाचं, कारण एक डोळा चांगला असेल तर तो दुसऱ्याची उणीव लपवतो.

एक लक्षात ठेवा. भोकातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. आणि हा फक्त खेळ आहे, नंबर डॉक्टरच काढणार.

पहिली पायरी फुकटची

आई-बाबांना बहुतेक वेळा पहिली धास्ती पैशाची असते, म्हणून आता पैशाचंच बोलू.

२०१३ साली आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरमधून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा हा कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाड्यांत, सरकारी आणि अनुदानित शाळांत येतात. त्या तपासणीत डोळेही असतात. त्याच्याही आधीपासून, म्हणजे १९७६ पासून, देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यातून नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना मोफत चष्मा देण्याची सोय आहे. तेव्हा शाळेतून चिठ्ठी आली की ती दप्तरात कुस्करून टाकू नका. ती घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात जायचं. शाळेत तपासणी झालीच नसेल तर पालकांनी मुख्याध्यापकांना विचारावं. विचारायला संकोच कसला?

नंबर काढताना डॉक्टर लहान मुलांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. त्यानंतर काही तास, कधी दिवसभरही, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. घाबरायचं नाही. लहान मुलांच्या डोळ्यांचे स्नायू फार जोरकस असतात. थेंब न टाकता नुसत्या मशीनवर नंबर काढला तर तो चुकीचा येऊ शकतो. म्हणून मुलांचा पहिला नंबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच काढावा, आणि नंबर लिहिलेला कागद मागून घ्यावा. तो कागद जवळ असला की चार दुकानांत भाव विचारता येतो.

काच नको, प्लास्टिक हवं

आपण सगळे 'चष्म्याची काच' म्हणतो, पण खेळणाऱ्या मुलाच्या चष्म्यात खरी काच नसावी. काच फुटली की तिचे धारदार तुकडे होतात. दुकानात साधं प्लास्टिकचं भिंग मिळतं. त्याला 'सीआर-३९' म्हणतात. ते हलकं आणि स्वस्त असतं, वर्गात बसायला उत्तम. पण जोराचा मार बसला तर तेही तडकू शकतं.

खेळासाठी मागायचं ते 'पॉलिकार्बोनेट'. नाव अवघड आहे, पाठ करून जा! अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या पुढच्या पारदर्शक भागासाठी हे प्लास्टिक वापरलं गेलं आहे. मार बसला तरी ते सहसा फुटत नाही. त्याचा दोष एवढाच की त्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून वर ओरखडे न पडणारा थर दिलेला असावा. साध्या भिंगापेक्षा ते महाग पडतं, हे खरं. पण पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत, फ्रेमवरच्या नक्षीवर नाही.

फ्रेम कशी हवी? प्लास्टिकची, भिंगाला चारी बाजूंनी धरणारी. अर्ध्या कडेची किंवा बिनकडेची फ्रेम दिसायला छान असते, पण खेळात ती नको. धातूची बारीक दांडीही नको, कारण वाकली की ती टोचते. मागून बांधायला इलास्टिकचा पट्टा हवा. तो दुकानात मिळतो, नाहीतर घरी आजीलाही शिवता येतो. पट्टा इतकाच घट्ट असावा की धावताना चष्मा हलणार नाही, पण नाकावर वळही उठणार नाही.

याहून पुढची पायरी म्हणजे नंबर बसवता येणारा खेळाचा गॉगल. त्याची फ्रेम डोळ्यांभोवती नीट बसते आणि नाकापाशी मऊ गादी असते. काही गॉगलांवर 'एएसटीएम एफ ८०३' असं छापलेलं असतं. खेळातल्या माराची चाचणी त्या मानकाप्रमाणे केली आहे, असा त्याचा अर्थ.

खेळ बघून चष्मा

सगळ्या खेळांना एकच उपाय चालत नाही. आपण एकेक बघू.

धावणे, लांब उडी, खो-खो : हलका चष्मा आणि मागे पट्टा, एवढ्यात काम भागतं. खो-खोत आपटण्याचा संभव असतो, म्हणून भिंग पॉलिकार्बोनेटचंच बरं.

क्रिकेट : सीझनचा चेंडू दीडशे ग्रॅमहून जड असतो. फलंदाजी आणि यष्टिरक्षण करताना जाळीचं हेल्मेट हवंच. हेल्मेट घेताना चष्मा घालूनच मापून बघा, नाहीतर दांड्या कानशिलाला दाबतात.

बॅडमिंटन : फूल जेमतेम पाच ग्रॅमचं, म्हणून आपण त्याला भीत नाही. पण ते नेमकं डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढंच असतं. आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ साली जपानमध्ये मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. शाळेतला स्मॅश एवढा नसतो, पण डोळ्याला इजा करायला पुरेसा असतो. दुहेरीत तर जोडीदाराची रॅकेटही जवळच फिरत असते. तेव्हा जाळ्याजवळ खेळणाऱ्याने पॉलिकार्बोनेटचा चष्मा किंवा गॉगल लावावाच.

फुटबॉल, बास्केटबॉल : इथे कोपर लागतं, डोकं आदळतं. पट्ट्याचा खेळाचा गॉगलच बरा. फुटबॉलच्या नियमांत तर लहान खेळाडूंना असा चष्मा लावू देताना पंचांनी समजूतदारपणा दाखवावा, असं लिहिलेलं आहे.

कबड्डी, कुस्ती, ज्युदो : अंगाला अंग भिडतं, म्हणून चष्मा काढूनच उतरायचं. नंबर कमी असेल तर फार अडत नाही, कारण प्रतिस्पर्धी हाताच्या अंतरावरच असतो. जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार करता येतो.

पोहणे : नंबरचे तयार पोहण्याचे गॉगल मिळतात. ते अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने असतात, आपल्याला जवळचा निवडायचा.

लेन्स लावू का? आणि ऑपरेशन?

मोठ्या मुलांचा हा हमखास प्रश्न. कॉन्टॅक्ट लेन्सला ठरावीक वय नाही. पण रोज साबणाने हात धुऊन, न कंटाळता, नेमाने काळजी घेणारा मुलगा किंवा मुलगीच ती वापरू शकते. स्वतःची पाण्याची बाटली रोज शाळेत विसरणाऱ्याने जरा थांबावं! एकदा वापरून टाकून द्यायच्या लेन्स मिळतात. रोज लावल्या तर खर्च फार होतो, पण फक्त सामन्याच्या दिवशी लावल्या तर झेपू शकतो. इतर दिवशी चष्मा आहेच.

तीन नियम मात्र मोडायचे नाहीत. लेन्स लावून पोहायचं नाही, झोपायचं नाही, आणि लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही. पाण्यातले सूक्ष्मजीव डोळ्याच्या पारदर्शक पटलाला गंभीर इजा करू शकतात. डोळा लाल झाला, दुखू लागला, की लेन्स काढा आणि डॉक्टर गाठा. शिवाय लेन्समुळे नीट दिसतं, पण चेंडूचा मार ती अडवत नाही, हेही विसरू नका.

लेझरने नंबर घालवण्याचं ऑपरेशन शाळकरी मुलांसाठी नसतं. डोळा वाढत असतो तोवर नंबरही बदलत असतो. वय १८ च्या पुढे गेलं आणि नंबर स्थिर झाला की मग डॉक्टर त्याचा विचार करतात. रात्री लावून सकाळी काढायच्या लेन्स किंवा नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे थेंब हेही उपाय आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गाजराचा रस, गुलाबपाणी किंवा मध घालून नंबर जात नाही. मध तर डोळ्यात घालूच नये. आणि चष्मा लावल्याने नंबर वाढतो हाही गैरसमज. डोळा वाढतो म्हणून नंबर वाढतो, चष्मा बिचारा फुकट बोलणी खातो!

पालकांसाठी हिशोब

आई-बाबांनो, आता थोडं तुमच्याशी.

मूल वाढतं तसा नंबर बदलतो. वर्षातून एकदा तरी, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर सहा महिन्यांनी, तपासणी करावी लागते. म्हणून महागडी फ्रेम घेण्यात अर्थ नाही. साधी, मजबूत फ्रेम घ्या आणि नंबर बदलला की तिच्यातच नवी भिंगं बसवून घ्या. सरकारी योजनेतून मोफत चष्मा मिळाला तर तो वर्गासाठी ठेवा आणि वाचलेले पैसे खेळाच्या चष्म्याला लावा. एकच चष्मा करणं शक्य असेल तर तो पॉलिकार्बोनेटचा, जाड फ्रेमचा, पट्टा लावता येईल असा करा. तोच वर्गातही चालेल. जुना चष्मा टाकू नका, अडीअडचणीला कामाला येतो. आणि एक चांगली बातमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना बघून घ्या.

एका मुलाबाबत मात्र काटकसर करू नका. ज्याचा एकच डोळा चांगला आहे, दुसऱ्याने फार कमी दिसतं, त्याने चेंडूचा कोणताही खेळ संरक्षक गॉगलशिवाय खेळू नये. त्याचा तो चांगला डोळा सांभाळायलाच हवा. आणि एक डोळा 'आळशी' असल्याचं डॉक्टर म्हणाले तर उपचार लगेच सुरू करा. साधारण सात-आठ वर्षांच्या आत सुरू केलेल्या उपचारांना यश अधिक येतं.

मुलींच्या आयांना हात जोडून विनंती. चष्मा लागला तर मुलीचं रूप जाईल, पुढे लग्नाला अडेल, म्हणून चष्मा दप्तरातच ठेवायला सांगू नका. ती फळा बघू शकत नाही, आणि मैदानात उतरतच नाही. चष्म्यापायी नव्हे, तो न लावल्यापायी तिचं नुकसान होतं.

आणि खरं म्हणजे मैदान हेच डोळ्यांचं औषध आहे. तैवानमध्ये मुलांना लवकर नंबर लागू लागले, तेव्हा २०१० पासून तिथल्या शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटं घराबाहेर ठेवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मोकळ्या उजेडात रोज दोन तास घालवणाऱ्या मुलांना निकटदृष्टिता लागण्याचं प्रमाण कमी राहतं, असं संशोधनात दिसून आलं आहे. लागलेला नंबर खेळून उतरत नाही. पण घरात चार भिंतींत मूल कोंडून त्याच्या डोळ्यांचं भलं होत नाही, हे नक्की.

चष्मेवाल्यांची टीम

मुलांनो, आता तुमच्यासाठी खाऊ. १९७५ च्या पहिल्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात १०२ धावा ठोकणारा वेस्ट इंडीजचा कप्तान क्लाइव्ह लॉइड जाड भिंगांचा चष्मा लावायचा. लहानपणी शाळेतलं भांडण सोडवायला गेला आणि डोळ्याला पट्टी लागली, म्हणून त्याची नजर अधू झाली होती. आपला नरेंद्र हिरवाणी १९८८ साली मद्रासला पहिलीच कसोटी खेळला, तोही चष्मा लावून, आणि त्याने १६ बळी घेतले! अनिल कुंबळे १९९० साली पहिली कसोटी खेळला तेव्हा त्याच्या नाकावर चष्मा होता. पुढे तो लेन्स लावू लागला आणि १९९९ मध्ये दिल्लीला एका डावात दहाच्या दहा बळी घेतले. न्यूझीलंडचा डॅनिएल व्हेटोरी चष्मा लावूनच ३६२ कसोटी बळींपर्यंत पोहोचला. दक्षिण कोरियाच्या चुंग ह्योनने तर २०१८ साली ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये चष्मा लावून जोकोविचला हरवलं.

यांच्यापैकी कुणाच्या घरी "चष्मा लागला, आता खेळ बंद" असं झालं असतं तर?

या आठवड्याचा गृहपाठ

१. टाचणीच्या भोकाचा प्रयोग घरातल्या सगळ्यांवर करा. आजी-आजोबांनाही सोडू नका.

२. चष्मा असेल तर रोज साध्या पाण्याने, साबणाचा एक थेंब लावून धुवा आणि मऊ सुती कापडाने पुसा. शर्टाच्या टोकाने कोरडा पुसायचा नाही. ठेवताना भिंगं वर करून ठेवा.

३. भिंगाला तडा गेला असेल तर तो चष्मा लावून खेळू नका.

४. खेळताना डोळ्याला मार लागला आणि दुखलं, रक्त दिसलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोळ्यापुढे चमकलं, तर चोळू नका, घरचे थेंब घालू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. "मार बसेल" या भीतीने घरी लपवायचं मुळीच नाही.

५. तुमच्या टीममध्ये कुणी नवा चष्मेवाला आला असेल तर त्याला 'ढापण्या' म्हणून चिडवू नका. त्याला पहिल्या फळीत क्षेत्ररक्षणाला उभं करा. आता त्याला चेंडू दिसतोय!

तुमची,
बाई